धाडस कुणाचे, जीव कुणाचा?

मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. रीत चांगली आहे. पण तिच्या आडोशाला एखादी वाईट प्रथा जिवंत राहू पाहत असेल, तर रीत मोडून बोलले पाहिजे. म्हणून ऐन दिवाळीत, फराळाचे ताट पुढे असताना, मी हा कडू विषय काढतो आहे. वाचकांनी राग मानू नये.

१८ जून २०२३ रोजी उत्तर अटलांटिक महासागरात 'टायटन' नावाची एक लहानशी पाणबुडी पाच माणसांना घेऊन टायटॅनिक जहाजाचे अवशेष पाहायला खाली गेली. सुमारे दीड तासाने तिचा संदेश बंद झाला. आत प्राणवायू किती उरला असेल, याचे हिशेब जगभर सुरू झाले. २२ जूनला समुद्राच्या तळाशी तिचे तुकडे सापडले. पाचही माणसे पहिल्याच दिवशी, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, गेली होती. त्यांत एक बाप होता आणि त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता.

त्यानंतर दोन सूर ऐकू आले. एक म्हणाला, 'श्रीमंतांचे चोचले! आपल्याला काय त्याचे?' दुसरा म्हणाला, 'हे साहस आहे. धोका पत्करल्यावाचून माणूस कधी पुढे गेला आहे काय?' पहिल्यात माणुसकी नाही. त्याला उत्तर देण्यात अर्थ नाही. दुसऱ्यात सत्य नाही. माझे भांडण त्याच्याशी आहे.

टायटॅनिक पडले आहे तिथे पाणी सुमारे ३,८०० मीटर खोल आहे. तिथे आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर जवळजवळ चार क्विंटलांचा भार पडतो. हा भार सोसायला सर्वांत भरवशाचा आकार गोलाचा, कारण गोल तो सगळीकडे सारखा वाटून घेतो. १९६० साली जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे जवळजवळ अकरा किलोमीटर खोल गेले, ते पोलादी गोलात बसून. परंतु गोलात माणसे दोन-तीनच मावतात, आणि तिकिटे विकायची तर जास्त माणसे हवीत. म्हणून ओशनगेट या कंपनीने टायटनचे अंग नळकांड्यासारखे लांबट केले, आणि ते हलके व्हावे म्हणून कार्बन फायबरचे केले. हे धागे ताणाला चिवट असतात. पण चहूकडून दाबले गेले की एकावर एक चिकटवलेले थर आतल्या आत सुटू लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही.

हे कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. कंपनीच्याच सागरी कामकाजाचे प्रमुख डेव्हिड लॉक्रिज यांनी जानेवारी २०१८ मध्ये दोषांचा लेखी अहवाल दिला. त्यांना नोकरीवरून काढले, आणि वर कोर्टातही खेचले. त्याच वर्षी मार्चमध्ये या क्षेत्रातल्या तीन डझनांहून अधिक जाणकारांनी लेखी इशारा दिला की, बाहेरच्या संस्थेकडून पाणबुडी तपासून घ्या, नाहीतर भयंकर अनर्थ होईल. कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश यांनी तो मानला नाही.

न मानण्याची कारणे कंपनीने उजळ माथ्याने छापली होती. ती एकेक तपासून पाहू.

पहिले कारण असे की, तपासणीत वर्षे जातात, नवे शोध खोळंबतात. ठीक. मग २०१९ साली व्हिक्टर व्हेस्कोव्हो हा गृहस्थ टायटॅनियमच्या गोलाची पाणबुडी घेऊन जगातल्या सर्वांत खोल जागी पुन्हा पुन्हा गेला, ती पाणबुडी बाहेरच्या प्रमाणसंस्थेने तपासून मंजूर केलेली होती, ती कशी? तो शोध खोळंबला नाही. नापास होण्याची धास्ती असलेल्यालाच परीक्षा म्हणजे वेळेचा अपव्यय वाटते, हे मी मास्तर म्हणून वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

दुसरे कारण असे की, पाणबुड्यांचे अपघात यंत्रे मोडून फारसे होत नाहीत, चालवणाऱ्याच्या चुकीने होतात. वा! यंत्रे मोडत नाहीत, कारण ती तपासलेली असतात. देवीची लस टोचलेल्या गावात देवी नाही, तेव्हा लस कशाला, असे म्हणण्यासारखेच हे झाले.

तिसरे समर्थन कंपनीच्या चाहत्यांचे: जाणाऱ्यांनी सही केली होती. मृत्यू येऊ शकतो असे त्या कागदावर अनेकदा लिहिलेले होते, हे खरे. शिवाय अडीच लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने दोन कोटी रुपये मोजणाऱ्या या माणसांना कंपनी 'प्रवासी' म्हणतच नसे. 'मोहिमेचे विशेषज्ञ' म्हणे. प्रवासी म्हटले की प्रवाशांचे कायदे लागू होतात ना! पण संमती ही माहितीला असते. समुद्र धोक्याचा आहे, हे त्यांना सांगितले होते. जुलै २०२२ च्या एका बुडीनंतर वर येताना मोठा धडाका ऐकू आला, त्यानंतर यंत्रांच्या नोंदी बदलल्या, आणि तरीही ते अंग हिवाळाभर कॅनडाच्या थंडीत उघड्यावर पडून राहिले, हा धोका त्या कागदावर कुठे होता? अंगाचा आवाज ऐकून आधी सावध करील अशी यंत्रे बसवल्याची प्रौढी कंपनी मिरवत होती. यंत्रांनी आपले काम केले. ऐकून घेणारा कुणी नव्हता.

चौथे समर्थन सर्वांत भावुक: रश स्वतः आत बसले होते आणि स्वतःही गेले. यावरून त्यांचा विश्वास खरा होता एवढेच सिद्ध होते. विश्वासाने पाणी अडत नाही. पिकार आणि वॉल्श यांनी आपला जीव पणाला लावला, त्याला मी साहस म्हणतो. त्यांनी तिकीटखिडकी उघडली नव्हती. दुसऱ्याकडून पैसे घेऊन, त्याच्यापासून दोष झाकून, त्याला बरोबर नेणे याला आपल्या भाषेत दुसरा शब्द आहे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळानेही ऑगस्ट २०२५ मध्ये निर्वाळा दिला की, हा अपघात टाळता आला असता.

दोष एकट्या कंपनीचा नाही. लॉक्रिज यांनी सरकारी खात्याकडे धाव घेतली होती. तिथे प्रकरण रेंगाळले. जहाज कॅनडाचे, कंपनी अमेरिकेची, समुद्र कुणाचाच नाही; या फटीतून टायटन वर्षानुवर्षे खाली जात राहिली. १९१२ साली टायटॅनिकवर बावीसशेहून अधिक माणसे होती आणि होड्या जेमतेम निम्म्यांपुरत्या. तेही त्या वेळच्या जुनाट नियमांत बसत होते. दीड हजार माणसे गेल्यावर १९१४ साली सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. नियम असे मेलेल्यांच्या नावावर जमा होत आलेले आहेत. त्याच जहाजाचे अवशेष दाखवायला नेणाऱ्याला ते अडगळ वाटावेत!

हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे असे समजू नका. आपल्या सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात पर्यटकांसाठी पाणबुडी आणण्याची चर्चा गेली काही वर्षे चालू आहे. तिथे खोली फार नसेल. पण २०२५ च्या मार्चमध्ये इजिप्तच्या हुरघाडा बंदराजवळ उथळ पाण्यातली पर्यटकांची पाणबुडी बुडून सहा जण दगावले. कोकणात पाणबुडी येऊ नये असे मी म्हणत नाही. जरूर यावी; आपल्या मुलांनी पाण्याखालची दुनिया जरूर पाहावी. सरकारने सहा हजार मीटर खोल जाणारी 'मत्स्य ६०००' बांधायला घेतली, तीही टायटॅनियमच्या गोलाची, आणि तिच्या तपासणीला बाहेरची प्रमाणसंस्था. शास्त्रज्ञांना जे लागते ते सुटीत आलेल्या कुटुंबाला नको काय?

माझी मागणी साधी आहे. तिकीटखिडकीवर दराच्या पाटीशेजारी तपासणीचा दाखला, तपासणाऱ्या संस्थेचे नाव आणि पुढच्या तपासणीची तारीख मराठीत लावलेली असावी. दोष दाखवणाऱ्या कामगाराची नोकरी जाणार नाही, असा कायदा असावा. आणि पाटी नसेल, तर मुलाचा हात धरून तुम्ही सरळ किनाऱ्यावर परत फिरावे. तो रुसला तरी चालेल.