अभिलेखांना अधिकारी हवा, तोही शिकलेला

‘सदर नस्ती कार्यालयात उपलब्ध होत नाही’ हे उत्तर माझ्या सहीनेही काही वेळा गेले आहे. त्यातील एक प्रकरण अजून डाचते. सेवेत असताना निधन पावलेल्या एका कर्मचाऱ्याच्या पत्नीला पतीचा सेवाखंड क्षमापित केल्याचा आदेश हवा होता. उपदानाची रक्कम त्यावर अवलंबून होती. आदेश निघाला होता, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. कार्यालय हलले तेव्हा तो कोणत्या गठ्ठ्यात बांधला गेला, एवढेच कोणास ठाऊक नव्हते.

माहिती अधिकार कायद्यातील अर्ज, अपील आणि दंड यांवर २००५ पासून पुष्कळ चर्चा झाली. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये सर्व अभिलेख सूचिबद्ध करून ठेवण्याचे जे पहिलेच कर्तव्य सांगितले आहे, त्याकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमानुसार प्रत्येक कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमायचा असतो. मी पाहिलेले बहुतेक अभिलेख अधिकारी हे काम अतिरिक्त कार्यभार म्हणून, बदलीची वाट पाहत करीत होते.

वस्तुतः या विद्येची आपली परंपरा मोठी आहे. गणिताचे अध्यापक असलेले शि. रा. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्यांनी वर्गीकरणाला शास्त्राचे रूप दिले. १९६२ मध्ये बंगळुरूस त्यांनी प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले. आज अनेक विद्यापीठांत ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळते. तरीही ती घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर महाविद्यालयीन ग्रंथपालाची मोजकी पदेच असतात. सरकारी अभिलेख कक्षात आपले काम असू शकते, हे त्याला कोणी सांगत नाही. सरकारलाही ते सुचत नाही.

अडचण अभ्यासक्रमातही आहे. ग्रंथालयशास्त्र पुस्तकाची जागा विषयावरून ठरवते. अभिलेखशास्त्र कागद ज्या कार्यालयात आणि ज्या क्रमाने निर्माण झाला तो क्रम जपते, कारण टिपणी तिच्या आधीच्या टिपणीवाचून मुकी असते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून हे मी अभिलेखागारात बसून शिकलो. माहितीशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते बहुधा एखाद्या ऐच्छिक प्रश्नपत्रिकेपुरते भेटते. दोन्ही विद्या एकाच पदव्युत्तर अभ्यासक्रमात आणून किमान एक सत्र चालत्या कार्यालयाच्या अभिलेख कक्षात घालवणे सक्तीचे करावे. धूळही अभ्यासक्रमाचा भाग असावी.

संगणक आल्यावर या खटाटोपाची गरज काय, असे तरुण सहकारी विचारतात. स्कॅन केलेला गठ्ठा पडद्यावरही गठ्ठाच राहतो. मसुदा कोणता, अंतिम आदेश कोणता, कोणता कागद किती वर्षे ठेवायचा, हे आधी माणसाने नोंदवावे लागते. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीची तरतूदच बदलली. तेव्हा काय द्यावे आणि काय झाकावे, हा निर्णयही आता अधिक नाजूक झाला आहे. तो अतिरिक्त कार्यभारावर सोडणे धोक्याचे आहे. केंद्रीय मंत्रालयांनी निदान अभिलेख अधिकाऱ्याच्या पदाला ही पदवी आवश्यक ठरवावी. मग विद्यापीठे आपोआप अभ्यासक्रम सुधारतील.

त्या बाईंना आदेश अखेर मिळाला. लेखा शाखेतील एका वृद्ध कारकुनाला त्याची प्रत कोठे लावली होती, ते आठवले. पुढल्याच वर्षी ते निवृत्त झाले.