हॅशपाशी तुटणारा पत्ता

गुरुग्राम-नोएडाकडे घरक्रमांकामागे पुष्कळदा हॅशची खूण लिहितात. एखाद्या महाराष्ट्र मंडळाची सभासदयादी ‘ॲक्सेस’मध्ये असावी, एकट्या राहणाऱ्या वृद्ध सभासदाकडे औषध पोहोचवायचे असावे, आणि नोंदीतील बटण दाबताच ब्राउझरने भलताच नकाशा उघडावा, तर वाचकहो, ब्राउझरला बोल लावण्याची घाई करू नये.

प्रथम ब्राउझरच्या पत्तापट्टीत काय उमटले आहे ते पाहावे. ॲक्सेसच्या ‘हायपरलिंक’ रकान्यात हॅश हे दर्शनी शब्द, पत्ता व उपपत्ता यांना विभागणारे चिन्ह आहे; घरक्रमांक तेथेच तुटतो. रकाना साध्या मजकुराचा केला तरी तेवढ्याने निभत नाही. वेबपत्त्यातील हॅशपुढचा भाग ब्राउझर स्वतःपाशीच ठेवतो, सर्व्हरकडे धाडीत नाही. यास्तव नकाशाकडे पत्ता पाठविताना ‘रिप्लेस’ फंक्शनने ती खूण गाळावी. मूळ नोंद मात्र तशीच असू द्यावी. पोस्टमनला ती ओळखीची असते.

फॉर्मच्या आतील नकाशाची जुनी चौकट कोरी राहत असेल, तर कारण निराळे. ती इंटरनेट एक्सप्लोररच्या यंत्रणेवर चालते, आणि तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केला. ॲक्सेसच्या नव्या आवृत्त्यांत तिच्या जागी ‘एज’ची चौकट मिळते.