कामाची यादी कोणी करायची?

आरोग्यसेवा कशी असावी हे ठरवताना गावाला विचारा, असं म्हटलं की तीन उत्तरं ठरल्यासारखी येतात. डॉक्टर म्हणतात, लोकांना विचारलं तर ते सुई आणि सलाईनच मागणार. अधिकारी म्हणतात, समित्या आहेत, ग्रामसभा आहेत, सह्यांची रजिस्टरं आहेत. आता आणखी काय विचारायचं? तिसरं उत्तर चळवळीतल्या मित्रांचं, आणि ते सगळ्यांत झोंबणारं: लोकसहभाग हे सरकारनं अंग काढून घेण्याचं गोंडस नाव आहे. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, ही उत्तरं ऐकताना थोडी मौज वाटते. कारण तिघांचाही कस याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात पन्नास वर्षांपूर्वी लागून गेला आहे. जामखेडचं नाव जिनिव्हात जितकं घेतलं गेलं तितकं श्रीरामपुरात घेतलं जात नाही, त्याला काय करणार!

आधी डॉक्टरांचं म्हणणं घेऊ. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेलं जोडपं. नगर जिल्ह्यातल्याच वडाळा मिशनच्या रुग्णालयात त्यांनी काम केलं. बरं करून घरी पाठवलेलं मूल काही दिवसांनी त्याच आजारानं परत येतं, हे तिथं त्यांनी पुरेसं पाहिलं. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन 1970 मध्ये त्यांनी जामखेडला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तोवर त्यांची योजना तयार होती आणि ती शिकलेल्या कोणत्याही माणसाला सुचली असती अशीच होती: प्रशिक्षित परिचारिका गावागावात राहतील आणि सेवा देतील. ती चालली नाही. परिचारिका खेड्यात राहायला नाखूश होत्या आणि गावालाही त्या परक्याच वाटत होत्या.

गावाचं स्वतःचं मागणं वेगळंच होतं. अवर्षणाचा तालुका, त्यात पुढं बहात्तरचा दुष्काळ. लोकांनी पाणी मागितलं, पोटाला अन्न मागितलं, हाताला काम मागितलं. सुई कोणी मागितली नाही. आता वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर ही मागणी तपासून पाहा. मुलं मरत होती ती जुलाबानं आणि कुपोषणानं. म्हणजे अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांचं निदान बरोबर होतं आणि तज्ज्ञांच्या योजनेचा क्रम चुकला होता. आरोळ्यांचा मोठेपणा असा की त्यांनी तो क्रम बदलला. आधी कूपनलिका आणि मुलांसाठी सामुदायिक जेवण, ते चालवायला शेतकऱ्यांची मंडळं, आणि त्यातून ओळख झाल्यावर आरोग्य.

लोक सलाईन मागत नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. अशक्तपणा आला की ‘बाटली लावा’ हा हट्ट गावोगाव आहे. पण ज्या दुकानात दोनच वस्तू ठेवल्या आहेत तिथलं गिऱ्हाईक तिसरी कशी मागेल? बाटलीची गोडी गावानं स्वतः शोधलेली नाही. ती लावून पैसे घेणाऱ्यांनी लावलेली आहे. त्यावरचा उतारा ज्ञान वाटण्याचा आहे, विचारणं बंद करण्याचा नाही. जामखेडला तेच झालं. गावांनी आपल्यातल्या बायका निवडल्या. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती आणि कित्येकजणी दलित होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, एकमेकींचे अनुभव ऐकत आणि गावात जाऊन शिकलेलं दुसऱ्यांना सांगत. बाळाचं वजन, गरोदरपणातली तपासणी, स्वच्छ बाळंतपण, जुलाबात साखर-मिठाचं पाणी, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं, हे सगळं त्या करू लागल्या. 1971 मध्ये प्रकल्पाच्या गावांत हजार जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. ते दशक संपायच्या आत हा आकडा निम्म्याहून खाली आला. 1979 चा मॅगसेसे पुरस्कार आरोळ्यांना मिळाला तो शस्त्रक्रियांसाठी नव्हता.

इथं प्रतिपक्षाच्या हातात एक चांगलं शस्त्र आहे. तो उचलत नसेल तर मीच देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत 2010 मध्ये जामखेडच्या गावांची शेजारच्या गावांशी तुलना प्रसिद्ध झाली. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळला, पण तो पहिला महिना उलटल्यानंतरचा. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात तसा ठळक फरक दिसला नाही. मग नवजात बाळ तरी शेवटी रुग्णालयानंच वाचवायचं ना? त्याचं उत्तर गडचिरोलीतून त्याआधीच आलेलं होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले: नवजातांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. जामखेडला जे अपुरं राहिलं तेही दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या गावच्या बाईनंच पुरं केलं.

आता समित्यांकडे वळू. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती गावोगाव आहे. तिला वर्षाला 10,000 रुपयांचा अबंधित निधी, म्हणजे गावानं आपल्या बुद्धीनं खर्चायचा पैसा, अशी मूळ कल्पना. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे. कागद पाहिला तर विचारायचं काही शिल्लक राहिलेलं नाही. पण या समित्यांपुढं विषय येतो तोच मुळी ठरून आलेला असतो. फवारणी कधी, मोहीम कोणती, फलक कुठं लावायचा. गावाकडं मत मागितलं जातं ते पंगतीत ‘भात वाढू का’ विचारावं तसं नसतं. भात वाढून झाल्यावर ‘बरा आहे ना?’ एवढंच विचारलं जातं.

याच राज्यात याहून बरं काही होऊ शकतं हे दिसलेलं आहे. 2007 पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावानं आपल्या केंद्राला गुण द्यायचे आणि जनसुनावणीत अधिकाऱ्यांनी समोरासमोर उत्तर द्यायचं. तिथं बंद दवाखाना, बाहेरून आणायला लावलेली औषधं, मागितलेले पैसे हे विषय निघाले. सहीच्या रजिस्टरात ते कधी निघत नाहीत.

केवळ रूप उचललं आणि मर्म सोडलं तर काय होतं, याचाही दाखला आहे. 2 ऑक्टोबर 1977 रोजी केंद्र सरकारनं हजार लोकसंख्येमागे एक आरोग्यरक्षक नेमण्याची योजना काढली, मानधन महिना 50 रुपये. गावानंच माणूस निवडायचा, हे त्यातही होतं. प्रत्यक्षात निवडले गेले ते बहुतेक पुरुष, आणि त्यांत वजनदारांच्या मर्जीतले फार. काही वर्षांत नाव बदललं, मग जोर ओसरला, मग योजनाच विरली. जामखेडला आधी मंडळं उभी राहिली आणि त्यांच्या बैठकांतून निवड झाली. इथं परिपत्रक आलं आणि मुदतीत नाव कळवायचं होतं.

यातून ‘गाव म्हणजे कोण?’ हा आक्षेप निघतो आणि तो खरा आहे. ग्रामसभेत पुढच्या रांगेत बसतं ते गाव, की पारापर्यंतही न येणारं गाव? गावाला विचारा एवढंच म्हणून थांबलं तर उत्तर पुढच्या रांगेचं येणार, यात शंका नाही. लोकसहभागाचे भाबडे पुरस्कर्ते हे झाकून ठेवतात आणि आपलीच बाजू लंगडी करून घेतात. आरोळे भाबडे नव्हते. कूपनलिका घ्यायच्या वेळी त्यांनी दलित वस्तीतली जागा आग्रहानं धरली. दुष्काळात पाणी हवं असेल तर बाकीच्यांनी तिथं यावं. आले. ज्या बाईच्या हातचं पाणी चालत नव्हतं तिच्या हाती बाळंतपण आलं. गाव आहे तसं मान्य करून सहभाग होत नाही. तो दुबळ्याकडं मुद्दाम कलता ठेवावा लागतो, आणि तो कल कोणीतरी बाहेरून, धाडसानं, द्यावा लागतो. म्हणून ‘सगळं लोकांवर सोपवा’ हे म्हणणंही मला पटत नाही. डॉक्टर हवा, चांगला शिकलेला हवा, हट्टीही हवा.

‘पण जामखेड म्हणजे दोन माणसांची पुण्याई, ती सगळीकडं कुठून आणणार?’ हे पालुपद आता जुनं झालं. मेबल आरोळे 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. त्यांच्यानंतरही प्रकल्प चालू आहे. आणि 2021 च्या मेमध्ये, दुसऱ्या लाटेत, जिल्ह्यातल्याच हिवरे बाजारनं गाव कोरोनामुक्त केल्याची बातमी राज्यभर झाली. गावानंच पथकं केली, घरोघर तपासणी केली, आजारी माणूस वेळीच वेगळा ठेवला. तिथंही पोपटराव पवार हे एक नाव पुढं आहे, मान्य. पण ती पथकं एका माणसाच्या शब्दावर एका रात्रीत उभी राहिली नाहीत. तीन दशकं ग्रामसभेत एकत्र निर्णय घ्यायची सवय त्यामागं होती. सरकारला ते इतकं आवडलं की लगेच ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा जाहीर झाली. तीस वर्षांची सवय बक्षिसानं एका हंगामात पिकेल, असा तो भरवसा होता.

राहिले चळवळीतले मित्र. त्यांचं अर्धं म्हणणं मी बिनशर्त मान्य करतो. 2005 नंतर आलेली ‘आशा’ ही गावातली आरोग्य कार्यकर्ती कागदोपत्री स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही, मोबदला आहे. 2021 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये राज्यातल्या आशांनी संप केला तो उगाच नव्हे. जामखेडच्या सेविकांनाही नियमित पगार नव्हता, ही गोष्टही लपवू नये. त्यांना जोडधंद्याचा आधार मिळाला, मान मिळाला, पण पगार नव्हता, आणि आजच्या आशेला तो नाकारण्यासाठी जामखेडचं नाव कोणी वापरू लागला तर त्याला तिथंच अडवावं.

पण लोकसहभाग म्हणजे सरकारनं अंग काढून घेणंच, हे उरलेलं अर्धं म्हणणं चुकतं. पूर्ण पगार दिला की आशा सरकारी होईल आणि गावाची राहणार नाही, म्हणून दोन्हींतलं एकच निवडा, असं काही नाही. पगार सरकारनं द्यायचा आणि जाब लोकांनी विचारायचा, लोकशाहीत सगळा सार्वजनिक पगार असाच असतो. आज आशेची अडचण दुहेरी आहे: पैसा तोकडा आणि कामाची यादी वरून आलेली. तिच्या गावात कोणता आजार आधी गाठायचा हे ना तिनं ठरवलं, ना गावानं. यादी तशीच ठेवून नुसतं मानधन वाढवलं तर वरून आलेलंच काम थोड्या बऱ्या पैशांत होईल. यादीचा काही भाग तरी गावाकडं द्या, माझा सगळा आग्रह एवढाच आहे.

तो भाग कोणता, हे नगर जिल्ह्यात शोधायला लांब जावं लागत नाही. उत्तरेकडं साखर कारखाने आहेत आणि जामखेड, पाथर्डी, शेवगाव या बाजूनं ऊसतोडीला टोळ्या निघतात. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, गाव सोडतो. पोरं बरोबर असतात. फडाजवळ कोपी टाकून पाच-सहा महिने निघतात. लसीकरणाचा दिवस ठरतो गावात, बाळ असतं कोपीत. गरोदर बाईची नोंद असते एका आशेकडं, पोट वाढतं दुसरीच्या हद्दीत. दोन्ही रजिस्टरं आपापल्या जागी बिनचूक असू शकतात.

शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याचं 2019 मध्ये उघड झालं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. बायका काय सांगत होत्या? पाळीत किंवा अंगावरून जात असताना काम थांबलं की खाडा, खाडा पडला की पैसे कापले. त्यांना आधी कोणी विचारलं असतं तर त्यांनी तळावर पाणी मागितलं असतं, आडोसा मागितला असता, चार दिवसांचा खाडा माफ मागितला असता आणि निघण्यापूर्वी तपासणी. या यादीत शस्त्रक्रिया कुठं बसते? ती मागणी लोकांची नव्हतीच. ती विकली गेली. ‘लोकांना काय कळतं’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा नीट पाहावं.

म्हणून एक साधी गोष्ट सुचवतो. ग्रामसभा साधारणपणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला होतात. जानेवारीच्या सभेला ऊसतोडीचं गाव अर्धं रिकामं असतं. ज्यांच्या दुखण्याचं नियोजन करायचं तीच माणसं फडात. 2 ऑक्टोबरला ती बहुधा घरी असतात. आरोग्याची सभा त्या दिवशी, ऊसतोडीच्या वस्तीतच भरवावी, आणि बायकांनी आधी बोलावं. कोण कोणत्या कारखान्याकडं निघालंय, कोण गरोदर आहे, कोणाच्या क्षयाच्या गोळ्या चालू आहेत, याची यादी तिथं व्हावी. ती तिकडच्या आरोग्य केंद्राला पोहोचवणं हे आशेचं पगारी काम ठरावं, आणि समितीचे 10,000 रुपये निघण्यापूर्वीच्या तपासणीला लागावेत. 1 मेच्या सभेपर्यंत टोळ्या परतलेल्या असतात. तिकडं लस मिळाली का, गोळ्या तुटल्या का, बाळंतपण कुठं झालं, हे त्या दिवशी त्याच बायकांनी वाचून दाखवावं, वैद्यकीय अधिकाऱ्यानं समोर बसून उत्तर द्यावं, आणि पुढच्या ऑक्टोबरची यादी त्या उत्तरांवरून करावी.