सर, तुमचं चुकलं!

बालदोस्तांनो,

परवाची गंमत सांगतो. गंमत कसली, माझी फजितीच! चौथीच्या वर्गात फळ्यावर गुणाकार करताना मी हातचा मिळवायलाच विसरलो. सगळ्या वर्गानं चुकीचं उत्तर मुकाट्यानं वहीत उतरवलं. मधल्या सुट्टीत एक मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, मला तवाच दिसलं होतं. पण सरांला कसं म्हणावं, चुकलं म्हणून?"

घरी पोचेपर्यंत तिचं बोलणं डोक्यातून जाईना. आणि आठवण झाली एका गुरुशिष्याच्या जोडीची.

शिष्य म्हणजे आपले डॉ. जयंत नारळीकर. जन्म कोल्हापूरचा, १९३८ सालचा. बालपण गेलं बनारसला. १९५७ साली ते इंग्लंडमधल्या केंब्रिजला शिकायला गेले. पदवीनंतर संशोधनासाठी त्यांना मार्गदर्शक मिळाले फ्रेड हॉइल, त्या काळचे जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ.

संशोधक विद्यार्थ्याचा दिवस तुमच्या-माझ्या शाळेसारखा नसतो बरं का! रोजची हजेरी नाही, तासाची घंटा नाही. वाचायचं, आकडेमोड करायची, अडलं की गुरूंकडे जायचं. आणि गणिताच्या पुस्तकात कशी शेवटी उत्तरं असतात, तशी इथे नसतात. कारण उत्तर गुरूलाही ठाऊक नसतं! दोघांनी मिळून शोधायचं.

हॉइल यांचं म्हणणं होतं, विश्वाला आरंभ नाही, ते पूर्वी होतं तसंच आजही दिसतं. १९६१ च्या फेब्रुवारीत केंब्रिजच्याच मार्टिन राइल यांनी आकाशातले रेडिओ-स्रोत मोजून जाहीर केलं, की हॉइल यांचा सिद्धान्त चुकीचा आहे. लंडनला शास्त्रज्ञांच्या सभेत उत्तर द्यायचं होतं. हॉइल यांना त्या दिवशी दुसरं काम होतं. मग उत्तर द्यायला कुणाला पाठवलं असेल? बावीस वर्षांच्या जयंताला!

दोघांनी मिळून उत्तर तयार केलं होतं. ते असं समजून घ्या. आमच्या जालना जिल्ह्यात वाटेनं जाताना कुठे मोसंबीची दाट बाग लागते, तर कुठे नुसतं माळरान. मग एकाच ठिकाणी झाडं मोजून सगळ्या जिल्ह्याचा हिशेब लागेल का? विश्वातही असे दाट-विरळ भाग असतील, तर राइल यांच्या मोजणीतून तो निष्कर्ष निघत नाही. भल्याभल्या शास्त्रज्ञांपुढे उभं राहून जयंतानं हे मांडलं.

पुढे १९६४ साली दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. तो ओळखला जातो 'हॉइल-नारळीकर' या जोडनावानं. गुरूच्या शेजारी शिष्याचं नाव!

आता एक खरं सांगायला हवं. १९६५ साली अवकाशातून सगळीकडून येणाऱ्या मंद लहरींचा शोध जाहीर झाला, आणि बहुतेक शास्त्रज्ञांना महास्फोटाचा सिद्धान्तच पटला. हॉइल यांची बाजू पडती झाली. पण मैत्री? ती टिकली. नारळीकर १९७२ साली भारतात परतले, तरी १९९३ साली हे दोघे, जेफ्री बर्बिज यांना सोबत घेऊन, नवी कल्पना मांडतच होते. हॉइल २००१ साली गेले, नारळीकर २०२५ साली.

गुरूनं दिलेला हा विश्वास नारळीकरांनी स्वतःजवळच ठेवला नाही. मुलं सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. तुमच्याएवढ्या मुलांच्या प्रश्नांना ते खरंच उत्तरं लिहायचे.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली. आता आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकोन आखलाय: 'सरांच्या चुका'. पहिल्याच आठवड्यात तीन भरल्या! दोन माझ्या होत्या. तिसऱ्या वेळी चूक मुलांचीच निघाली, पण त्यावर आम्ही तासभर भांडलो. तो तास सगळ्यांत छान झाला. आणि पहिली चूक कुणी लिहिली असेल? ओळखा पाहू!

तुमच्याही मनात असा एखादा दडलेला प्रश्न असेलच. उद्या शाळेत हात वर करा. आवाज थोडा कापेल, कापू द्या. आणि तुमचे सर काय म्हणाले, ते मला नक्की कळवा हं!

तुमचाच,
सर