गेलेल्यांच्या तोंडी आपले शब्द

भाद्रपदाच्या वद्य पक्षात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर दोन कामे एकाच वेळी चाललेली असतात. रस्त्यावर नवरात्राचा मंडप उभा राहत असतो. आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेल्या या उत्सवाची तयारी घटस्थापनेच्या बरीच आधी सुरू होते. आणि त्याच दिवसांत आसपासच्या घरांतून गेलेल्या माणसांची पाने वाढली जात असतात. सर्वपित्री अमावास्या झाली की सहसा दुसऱ्याच दिवशी घट बसतात. मृतांचा निरोप आणि देवीचे स्वागत यांच्यात जेमतेम एका रात्रीचे अंतर असते.

गेलेल्यांची आठवण ठेवणारे या परिसरात केवळ आपणच नाही. जवळच पारशांची अग्यारी आहे. मुक्तादच्या दिवसांत पारशी कुटुंबे आपल्या मृतांच्या नावाने फुले वाहतात. बेने इस्रायली समाजाचे १८७९ सालचे सिनेगॉग आहे. त्याचे नाव 'शार हशामायिम', म्हणजे स्वर्गाचे दार. ज्यू माणूस आईवडिलांच्या स्मृतिदिनी 'कद्दिश' म्हणतो. त्या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखही नाही, आहे ती केवळ ईश्वराची स्तुती. मासुंदा तलावाकडे गेले की चर्च लागते. कॅथलिक मंडळी २ नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. इतके वेगवेगळे धर्म, पण एका बाबतीत ते सगळे सारखे आहेत. मृतांना ते काहीतरी देतात. त्यांना प्रश्न विचारत नाहीत.

प्रश्न विचारण्याचा जो प्रकार आपल्याकडे आला तो प्लँचेटचा. मूळ प्लँचेट म्हणजे चाकांवर सरकणारी, पेन्सिल खोचलेली छोटी लाकडी फळी. एकोणिसाव्या शतकात ती युरोपातून निघाली. मराठी घरांत मात्र फळीची जागा वाटीने किंवा नाण्याने घेतली. कागदावर गोलाकार अक्षरे लिहायची, दोन बाजूंना 'हो' आणि 'नाही' लिहायचे, पालथ्या वाटीवर तिघाचौघांनी बोटे टेकवायची आणि आत्म्याला बोलवायचे. ज्यांची पन्नाशी उलटली आहे अशांपैकी पुष्कळांनी हा खेळ एकदा तरी पाहिलेला असेल. आमच्या घरी तो खेळ नव्हता.

१९७४ साली माझा थोरला भाऊ काविळीने गेला. बावीस वर्षांचा होता. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. मोठ्या माणसांनी हात जोडून एकेक गोष्ट बोलून पाहिली, धाकट्याला शिकवू, ताईचे लग्न करू, आईला सांभाळू. कावळे समोरच्या झाडावर बसून राहिले. अखेरीस गुरुजींनी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. इतरांच्या दृष्टीने तो उरकला, आईच्या दृष्टीने नाही. मुलाची कोणती इच्छा राहिली, हा एकच प्रश्न घेऊन ती बसली. मग गिरगावातली मावशी एक दिवस अक्षरांचा कागद घेऊन आली.

आईचा पहिला प्रश्न मला अजून ऐकू येतो. "जेवलास का रे?" वाटी थरथरली आणि 'हो'कडे सरकली. त्या रात्री आई महिन्याभरानंतर प्रथमच झोपली. वाटीवर माझेही बोट होते, मी तेरा वर्षांचा होतो. मी ती ढकलली असे म्हणणे खरे नाही, आणि ढकलली नाही असेही मला छातीठोकपणे सांगता येत नाही. तिने 'हो'कडे जावे असे मला फार वाटत होते, इतके मात्र खरे.

या 'फार वाटण्या'चा उलगडा सव्वाशे वर्षांपूर्वीच, १८५३ साली झाला होता, हे मला खूप नंतर वाचायला मिळाले. त्या सुमारास इंग्लंडात टेबले फिरवून आत्म्यांशी बोलण्याची साथ आली होती. विजेचा अभ्यास करणारे थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी माणसांचे हात आणि टेबल यांच्यामध्ये सरकणारे थर ठेवले आणि आधी काय हलते ते पाहिले. आधी हात हलत होते, टेबल मागून. बसलेली माणसे लबाड नव्हती. आपण ढकलत आहोत याचा त्यांना पत्ताच नव्हता. मनात जे असते ते स्नायू गुपचूप करून मोकळे होतात. म्हणूनच वाटी फिरली की भोंदूगिरी झाली, असे सरसकट म्हणणे चुकीचे आहे. दुःखी घरातल्या वाटीवरची बहुतेक बोटे प्रामाणिक असतात.

परलोकाशी बोलण्याच्या या पंथाला इंग्रजीत स्पिरिच्युअॅलिझम म्हणतात. आपल्या अध्यात्माशी त्याची गल्लत करू नये. त्याची सुरुवात १८४८ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल गावी फॉक्स भगिनींच्या घरातल्या ठकठक आवाजांपासून मानतात. त्यांपैकी मार्गारेटने चाळीस वर्षांनी, १८८८ साली, ते आवाज आपण पायांच्या बोटांचे सांधे वाजवून काढत होतो अशी जाहीर कबुली दिली आणि पुढच्या वर्षी ती कबुली मागेही घेतली. तरी पंथ टिकला, कारण त्याला आधार दुःखाचा होता. पहिल्या महायुद्धात १९१५ साली मुलगा रेमंड मारला गेल्यावर नामवंत पदार्थशास्त्रज्ञ सर ऑलिव्हर लॉज यांनी त्याच्याशी झालेल्या कथित संवादांवर पुढच्याच वर्षी ग्रंथ लिहिला. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल या पंथाचे प्रचारक झाले. त्यांचा मुलगा १९१८ साली गेला. आपल्याकडे व्ही. डी. ऋषी या गृहस्थांनी पत्नीच्या निधनानंतर या विषयाला वाहून घेतले आणि मुंबईत इंडियन स्पिरिच्युअॅलिस्ट सोसायटी चालवली. बुद्धी कमी होती म्हणून ही माणसे तिकडे वळली असे कोण म्हणेल? त्यांच्या घरातले एक माणूस गेले होते, एवढेच.

या पंथाची श्रद्धा नेमकी काय आहे, हे मात्र वाटीभोवती बसणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. एमा हार्डिंग ब्रिटन या इंग्रज बाईंच्या शिकवणीतून आलेली सात तत्त्वे ब्रिटनमधले अनुयायी आजही मानतात. ईश्वर हा पिता; माणसे ही भावंडे; आत्म्यांशी संवाद शक्य; आत्मा अखंड; प्रत्येकाची जबाबदारी ज्याची त्याची; प्रत्येक बऱ्यावाईट कर्माचे फळ पुढे आहे; आणि कोणत्याही आत्म्याला उन्नतीची वाट कधीच बंद नाही. सातांपैकी मृतांशी बोलण्याचे तत्त्व एकच आहे. उरलेली सहा कशी जगावे यासंबंधी आहेत, आणि ती मराठी माणसाला अनोळखी वाटू नयेत. कर्म, बंधुभाव, पतितालाही वाट, हे आपण कीर्तनातून ऐकतच आलो आहोत.

मुंबईतले एक अलीकडचे उदाहरण याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. खोर्शेद आणि रुमी भावनगरी या पारशी दांपत्याचे विस्पी आणि रतू हे दोन्ही मुलगे फेब्रुवारी १९८० मध्ये मोटार अपघातात गेले. आपल्या हातून मुलेच लिहितात, अशी त्या आईची पुढे श्रद्धा झाली आणि ते लेखन पुस्तकरूपानेही आले. ते मुलांनी लिहिले की आईच्या मनाने, याचा निवाडा मी करणार नाही. माझे मत काय असेल ते वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. पण त्या लेखनाचा भर स्वतःला सुधारण्यावर आणि दुसऱ्याला मदत करण्यावर आहे. दोन्ही मुले गमावलेल्या आईला त्याने पुन्हा माणसांत आणले असेल, तर वाद घालायला मी जाणार नाही.

आमच्या घरी तसे झाले नाही. 'जेवलास का'पासून सुरू झालेले प्रश्न हळूहळू व्यवहारावर आले. गावची जमीन विकावी का? काकांना पैसे द्यावेत का? सातांतले जबाबदारीचे तत्त्व नेमके इथेच गळून पडते. निर्णय अवघड असतो, चुकला तर बोलणी खावी लागतात, आणि मृताने दिलेल्या निर्णयावर कोणी बोलू शकत नाही. अशात ताईला एक स्थळ आले. मुलगा नाशिकचा, नोकरीत कायम, ताईलाही पसंत. आईने वाटीला विचारले. वाटी 'नाही'वर गेली. पुन्हा विचारले, पुन्हा 'नाही'. स्थळ परत पाठवले. दादा गेल्यावर ताईनेही घर सोडून नाशिकला जावे, हे मला नको होते. माझे बोट वाटीवर होते.

पुढे चार वर्षांनी ताईचे लग्न झाले, संसार चांगला झाला. मी हे तिला गेल्या वर्षापर्यंत सांगितले नव्हते. सांगितले तेव्हा मला वाटले होते, ती माझ्यावर चिडेल. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे दादा नव्हता. मी इतकी वर्षं त्याच्यावर राग धरून होते रे."

प्लँचेटला माझा विरोध आहे तो या वाक्यापायी. आत्मा आहे की नाही, हा वाद ज्याचा त्याने घालावा. गांधीजींनी १९२९ साली 'यंग इंडिया'त लिहिले होते की, आपल्याला मृतात्म्यांकडून संदेश येत नाहीत, ते अशक्य आहे असे म्हणायलाही आपल्याकडे पुरावा नाही, परंतु ही प्रथा आपल्याला मुळीच पसंत नाही. मला ही भूमिका पटते. जिवंत माणसाच्या तोंडी आपण भलते शब्द घातले तर तो उठून सांगतो, मी असे म्हणालो नाही. मृताला ती सोय नाही. बहिणीवर जीव टाकणारा माझा भाऊ चाळीसहून अधिक वर्षे तिच्या मनात अपराधी राहिला, आणि त्याने काहीच केले नव्हते.

दुःखाचा बाजार मांडणाऱ्यांविषयी वेगळे सांगायला नको. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याने फसवणाऱ्याला आळा बसेल. आपली आपण केलेली फसवणूक कोणत्या कायद्यात बसवणार? शिवाय प्लँचेट आता नव्या रूपाने येत आहे. गेलेल्या माणसाचे जुने संदेश आणि आवाज पुरवले की त्याच्यासारखे बोलणारी यंत्रे निघाली आहेत. करोनाच्या २०२० आणि २०२१ या वर्षांत कितीजणांना आपल्या माणसाचे शेवटचे दर्शनही मिळाले नाही. अशा घरात तो आवाज ऐकण्याचा मोह किती मोठा असेल, हे मी जाणतो. पण उत्तर देणारे यंत्र असो की वाटी, पलीकडे तो माणूस नसतो.

आमच्या वाटीचा शेवट आईनेच केला. एका संध्याकाळी तिने विचारले, "शेवटच्या दिवशी माझ्याकडे काय मागितलं होतंस, सांग." ते तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हते. वाटी काही वेळ हललीच नाही, मग नुसती भरकटली. आईच्याही बोटाला ते लिहवले नसावे. तिने बोट काढून घेतले, वाटी उचलली, घासली आणि मांडणीवर इतर वाट्यांत ठेवून दिली. कोण ढकलत होते, हे तिने कधी विचारले नाही.

पुढल्या पितृपक्षात दादाच्या तिथीला आईने पहाटे उठून ढीगभर बटाटेवडे तळले आणि मला बरोबर घेऊन इस्पितळाबाहेर ताटकळत बसलेल्या नातेवाइकांना ते वाटले. नंतर दरवर्षी, हात चालत होते तोवर. काविळीच्या रोग्याला तळलेले वर्ज्य असते. दादाने काय मागितले असेल आणि तिने काय नाकारले असेल, याचा आम्ही तर्क केला, विचारले नाही.

दहाव्याला कावळा शिवत नाही तेव्हा आपण मृताला प्रश्न विचारत नाही, जिवंतांनी करायच्या कामांचा शब्द देतो. त्या विधीवर विश्वास असो वा नसो, त्यातले शहाणपण घेण्यासारखे आहे. गेलेल्यांची इच्छा ओळखावी, ती आपल्या हाताने पुरी करावी, आणि केलेल्याची जबाबदारी आपल्या नावावर घ्यावी. आणि जे विचारायचे असेल ते घरातल्या जिवंत माणसांना आजच विचारावे. ती स्वतः उत्तर देतील.