पगाराचा आकडा आणि गाव

पुण्याहून नोकरीचे पत्र आले, की आपल्या शिरड शहापुरात पहिला प्रश्न येतो, "पगार किती?" माझ्या मते हा अर्धाच प्रश्न झाला. हाती उरणार किती, हे कुणी विचारीत नाही.

ठिकाण बदलले की पगाराची किंमत बदलते, हे सरकारनेही मानले आहे. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली केंद्राने घरभाडे भत्ता ठरविला, तो मुंबई-पुण्याला मूळ वेतनाच्या २४ टक्के, नांदेडला १६ आणि आपल्यासारख्या गावी ८ टक्के. खासगी नोकरीत मात्र हा हिशेब आपला आपणच मांडावा लागतो.

खोलीचे भाडे, खानावळ, सणावाराचे जाणे-येणे वजा करा. हळद शिजवण्याच्या दिवसांत आपल्या जागी लावावा लागणारा मजूरही धरा. आपण गेलो म्हणून शेतातले काम थांबत नाही. एवढी वजाबाकी केल्यावर वसमत-हिंगोलीची कमी पगाराची नोकरीही कधी कधी सरस ठरते.

गाव सोडूच नये, असे माझे म्हणणे नाही. जिथे नवे काही शिकायला मिळेल, तिथे सुरुवातीला शिल्लक पडली नाही तरी खुशाल जावे. नुसत्या आकड्यासाठी जाणाऱ्याने मात्र वजाबाकी करूनच एस.टी.त पाय ठेवावा.