ठिबकणारी झडप

१४ जानेवारी १७६१ च्या रणसंग्रामाचे स्मारक असलेल्या, पानिपतजवळील काला अंब परिसरात हिवाळा कडक असतो. तेथे विजेचा गिझर ही चैन नव्हे. मात्र त्याच्या सुरक्षा-झडपेतून पाणी ठिबकताच तिचे तोंड बुचाने बंद करणारे काही महाभाग असतात. हा उपाय आत्मघातकी होय. तापताना पाणी प्रसरण पावते व वाढलेला दाब झडप थेंबाथेंबाने सोडते. गिझर बंद असतानाही ठिबकणे थांबले नाही, तर मात्र झडप बदलावी. क्षारयुक्त पाण्याने कॉइलवर पुटे चढतात, झडपही अडकते. त्यामुळे थंडीपूर्वी जाणत्या कारागिराकडून टाकी, झडप व थर्मोस्टॅट तपासून घेणे अगत्याचे आहे. अर्थिंगची तार तर भिंतीआड असल्याने सहसा कोणी पाहतच नाही. तिची तपासणी सर्वांत आधी व्हावी.